घर आणि मंडळी

बॉस्टनच्या जुन्या पेठेत वॉशिंग्टन स्ट्रीट आणि मिल्क स्ट्रीट हे दोन रस्ते जेथे एकमेकांस मिळतात, तेथे पेढ्यांच्या आणि कचेऱ्यांच्या उंचच उंच इमारतींनी चहूकडून घेरलेले तांबड्या विटांचे एक घर उभे आहे. त्याचा मनोरा १८३ फूट उंच आहे. ज्या काळी गावातील घरे दुमजली-तिमजली होती त्या काळी तो सर्व वस्तीवर नजर ठेवून असला पाहिजे. आज मात्र मान वर करून त्याच्या टोकाकडे पाहू जावे, तर त्याच्याही वर काचेच्या भिंतीच दिसतात. दार ओलांडून आत गेले की रस्त्याचा गलबला मागे पडतो. आत मूर्ती नाही, चित्र नाही, रंगीत काचांची आरास नाही. पांढऱ्या भिंती, साध्या काचांच्या मोठ्या खिडक्यांतून येणारा भरपूर उजेड, लाकडी कठड्यांनी वेढलेल्या चौकोनी बैठका, वर सज्जे, आणि एका लांब भिंतीशी सर्वांना दिसेल व सर्वांना ऐकू जाईल असे उंच व्यासपीठ. ऐकणे हेच येथे येणाऱ्याचे मुख्य कर्तव्य आहे, असे त्या रचनेकडे पाहताच ध्यानात येते.

हे ओल्ड साउथ मीटिंग हाउस. १७२९ साली ते बांधून पुरे झाले, तेव्हा वसाहतकालीन बॉस्टनमध्ये याहून मोठी वास्तू नव्हती. अमेरिकन राज्यक्रांतीच्या इतिहासात या घराचे नाव एका चहाच्या प्रकरणामुळे अजरामर झाले आहे, आणि बहुतेक प्रवासी त्या एका रात्रीची गोष्ट ऐकण्यासाठीच येथे येतात. परंतु या घराचे चरित्र त्या रात्रीपुरते नाही. ते एकदा आगीतून, एकदा पलटणीच्या घोड्यांच्या टापांतून आणि एकदा लिलावातून वाचले. आणि इतके सारे होऊन वाचल्यावर, वाचवलेल्या घराचे करायचे काय, हा प्रश्न त्याच्या विश्वस्तांपुढे उभा राहिला. त्या प्रश्नास त्यांनी जे उत्तर दिले, त्याची हकीकत मला चहाच्या हकिकतीपेक्षाही अधिक मननीय वाटते.

प्रथम नावाचा उलगडा केला पाहिजे. बांधणाऱ्यांनी या घरास चर्च म्हटले नाही, ‘मीटिंग हाउस’ म्हटले, आणि त्यामागे एक पक्का सिद्धांत होता. इंग्लंडातील राजमान्य धर्मपीठाशी न पटल्यामुळे समुद्र ओलांडून आलेल्या या प्युरिटन लोकांच्या मते चर्च म्हणजे परस्परांशी आणि परमेश्वराशी करारबद्ध झालेली माणसे. विटा-चुन्याच्या वास्तूस ते नाव देणे त्यांस अप्रशस्त वाटे. वास्तू ही त्या माणसांना एकत्र बसण्यासाठी बांधलेली जागा, एवढेच. आदितवारी तेथे प्रवचन व्हावे आणि इतर दिवशी गरज पडल्यास गावचा कारभारही चालावा, यात त्यांस विसंगती दिसत नसे.

मराठी वाचकास हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. अहमदनगरच्या किंवा मुंबईच्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबात आजही ‘आम्ही अमुक मंडळीचे सभासद’ असेच म्हणतात. मंडळी म्हणजे माणसे, आणि ती जेथे जमतात ती इमारत वेगळी. हा योगायोग सर्वस्वी निराधार नाही. मुंबईस १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे जे दोन अमेरिकन मिशनरी उतरले, आणि ज्यांच्या मागून आलेल्यांनी पुढे अहमदनगरास ठाणे मांडून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केले, त्यांस पाठवणाऱ्या संस्थेचे मुख्य ठिकाण बॉस्टन होते, आणि ती संस्था न्यू इंग्लंडच्या याच मंडळीवादी परंपरेतून निघाली होती. हॉल व नॉट यांस देशात राहू देण्यास ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार राजी नव्हते. त्यांस परत पाठवण्याचे हुकूमही सुटले होते. कंपनी सरकार आणि बॉस्टन यांचे वाकडे त्याच्याही पूर्वीचे, आणि त्याचा संबंध थेट या घराशी पोचतो.

ओल्ड साउथची मंडळी १६६९ साली स्थापन झाली. सभासदत्वाच्या नियमांवरून बॉस्टनच्या पहिल्या मंडळीत तंटा झाला आणि न पटलेले लोक बाहेर पडले. म्हणजे या मंडळीचा जन्मच मतभेदातून झाला. मेरी नॉर्टन नावाच्या एका विधवेने जागा दिली आणि तीवर देवदारी लाकडाचे पहिले घर उभे राहिले. समोरच, मिल्क स्ट्रीटवर, १७०६ साली बेंजामिन फ्रँकलिनचा जन्म झाला, आणि त्याचा बाप्तिस्मा या लाकडी घरात झाला.

त्या लाकडी घरात १६९७ च्या जानेवारीत घडलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. पाच वर्षांपूर्वी सेलम येथे चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसांस फाशी देण्यात आले होते, आणि त्यांचा न्याय करणाऱ्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल हा या मंडळीचा सभासद होता. उपवासाच्या दिवशी भर सभेत त्याने धर्मोपदेशकाच्या हाती एक कागद दिला आणि तो वाचला जात असता आपल्या जागी उभा राहिला. त्या खटल्यांतील दोषाचा आणि लज्जेचा भार आपण आपल्या शिरी घेतो, अशा आशयाचा तो मजकूर होता. वाचन संपल्यावर त्याने मान लववली. सत्तेस जाब विचारण्याची कीर्ती या घरास पुढे लाभली. परंतु सत्ताधीशाने चारचौघांत स्वतःच स्वतःस जाब विचारल्याचे हे उदाहरण त्या कीर्तीच्या मुळाशी आहे, असे मी मानतो.

विटांचे घर १७२९ मध्ये झाले, आणि चव्वेचाळीस वर्षांनी चहा आला.

१७७३ हे साल महाराष्ट्रास वेगळ्या कारणाने आठवते. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्याच्या ३० तारखेस शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्या रक्तातून जो गृहकलह माजला त्याचा फायदा उठवण्यास मुंबईचे कंपनी सरकार टपून बसले. त्याच वर्षी लंडनमध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. बंगालच्या भीषण दुष्काळाने वसुली आटली होती, युरोपात पतपेढ्या कोसळत होत्या, आणि कोट्यवधी पौंड चिनी चहा लंडनच्या वखारींत पडून होता. ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीस दोन हातांनी सावरले: एका हाताने तिच्या कारभारावर नियंत्रण घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट केला, आणि दुसऱ्या हाताने तिला अमेरिकेत परस्पर चहा विकण्याची सवलत दिली. चहा स्वस्त होणार होता. परंतु पौंडामागे तीन पेन्सांची जी जकात वसाहतींच्या संमतीवाचून बसवली होती ती कायम राहिली. स्वस्त चहाच्या पेल्यातून परक्याचा कर बसवण्याचा हक्क आपल्या गळी उतरवला जात आहे, अशी बॉस्टनकरांची खात्री झाली.

‘डार्टमथ’ नावाचे पहिले गलबत २८ नोव्हेंबरला बंदरात आले. कायद्याने वीस दिवसांची मुदत होती. तेवढ्यात जकात भरून माल उतरवला नाही तर जकात खाते तो जप्त करणार. गावाची नेहमीची सभा फॅन्युइल हॉलमध्ये भरे, आणि तीत मत देण्यास मिळकतीची अट होती. या खेपेस मात्र सभा ‘लोकांची’ म्हणून बोलावली, अट सोडून दिली, आणि लोटलेला समुदाय फॅन्युइल हॉलमध्ये मावेना; म्हणून ती उठून ओल्ड साउथमध्ये आली. ज्या गावची वस्ती सुमारे सोळा हजार, त्या गावात १६ डिसेंबर १७७३ रोजी, मुदतीच्या शेवटल्या दिवशी, आजूबाजूच्या खेड्यांतून आलेले धरून सुमारे पाच हजार लोक या घरात आणि घराभोवती जमले होते.

त्या दिवशीच्या कामकाजात मला विशेष वाटते ती त्याची कायदेशीर चिकाटी. सभेने गलबताच्या मालकांपैकी एक, फ्रान्सिस रॉच नावाचा तेवीस वर्षांचा तरुण, याला सांगितले की, तुम्ही गव्हर्नर हचिन्सनकडे जा आणि चहा परत नेण्याचा परवाना मागा. हचिन्सन मिल्टन येथील आपल्या घरी होता. त्याचे स्वतःचे मुलगे कंपनीचे अडते होते. रॉच थंडीतून घोड्यावर गेला, आणि तो परत येईपर्यंत सभा बोलत राहिली. दिवे लागले तेव्हा तो परतला. परवाना नाकारला होता. तेव्हा सभेचा पुढारी सॅम्युएल ॲडम्स उठून म्हणाला की, देश वाचवण्यासाठी या सभेला आता आणखी काही करता येण्यासारखे नाही. ही आधीच ठरवलेली खूण होती अशी समजूत पुढे रूढ झाली. ती खरी असो वा नसो, थोड्याच वेळात मोहॉक या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांचे सोंग घेतलेली माणसे ग्रिफिनच्या धक्क्याकडे निघाली, आणि तीन गलबतांवरील ३४२ पेट्यांतील ९२,००० पौंडांहून अधिक चहा समुद्रात गेला.

एवढ्यावर थांबलो तर मात्र आपण इतिहासाची नुसती आरती ओवाळली असे होईल. त्या सभेत बोलणाऱ्यांस जे स्वातंत्र्य हवे होते ते त्यांनी आपल्या विरोधकांस दिले, असे म्हणवत नाही. पुढल्याच महिन्यात जॉन माल्कम नावाच्या राजनिष्ठ जकात-अंमलदारास लोकांनी कडाक्याच्या थंडीत उघडा करून, डांबर फासून, पिसे चिकटवून गावभर फिरवले. आणि सभासदांतही सर्वांचा आवाज सारखा नव्हता. १७७१ पासून या मंडळीची सभासद असलेली फिलिस व्हीटली ही लहानपणी आफ्रिकेतून पळवून आणून बॉस्टनच्या बाजारात विकलेली मुलगी. तिचा कवितासंग्रह १७७३ साली लंडनमध्ये छापला गेला, आणि त्याच्या प्रती ज्या गलबतातून बॉस्टनला आल्या ते ‘डार्टमथ’च होते. स्वातंत्र्याच्या नावाने ज्या गलबतावरील पेट्या फुटल्या, त्यातूनच एका दासीची कविता सुखरूप उतरली. त्याच सुमारास तिला दास्यातून मुक्ती मिळाली खरी. परंतु त्या घरात स्वातंत्र्यावर भाषणे करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी गुलाम होते, हे विसरून चालणार नाही.

बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी १७७० च्या मार्चमध्ये जमावावर गोळ्या झाडल्या, तेव्हापासून दरसाल त्या दिवसाच्या स्मरणार्थ व्याख्यान देण्याची प्रथा पडली होती. १७७५ च्या मार्चमधील व्याख्यान ओल्ड साउथमध्ये डॉ. जोसेफ वॉरनने दिले. समोर ब्रिटिश अधिकारी बसलेले, दाटी इतकी की वक्त्यास खिडकीतून आत यावे लागले असे सांगतात. मार्चच्या त्याच आठवड्यात इकडे सुरतेस राघोबादादांनी कंपनीशी तह करून साष्टी-वसई लिहून दिली. एकाच कंपनीच्या पायी एका खंडात एक समाज सभा भरवून एकत्र येत होता आणि दुसऱ्या खंडात एक राजघराणे फुटत होते. यातून सरळ धडा काढण्याचा मोह आवरला पाहिजे. कारण वडगावास कंपनीच्या फौजेची जी फजिती झाली ती भाषणांनी झाली नव्हती. परंतु ज्या कंपनीचे चरित्र आपण पुणे, सुरत आणि कलकत्ता यांच्या संदर्भात वाचतो, तिच्या चरित्राचे एक पान बॉस्टनच्या या घरात लिहिले गेले, एवढे ध्यानी घ्यावे.

वॉरनच्या व्याख्यानानंतर महिना-दीड महिन्यात युद्ध पेटले. बॉस्टनला वेढा पडला आणि आत कोंडलेल्या ब्रिटिश फौजेने या घराचा सूड घेतला. बैठका आणि व्यासपीठ उखडून जळणास लावले, जमिनीवर माती पसरली, आणि सतराव्या हलक्या घोडदळाच्या शिलेदारांनी तेथे घोडी फिरवण्याचे रिंगण केले. सज्जात अधिकाऱ्यांसाठी मद्याची सोय केली. ज्या जागेतून राजाविरुद्ध शब्द उमटले ती जागा घोड्यांच्या लिदीने भरावी, यात नुसती गरज नव्हती, हेतूही होता. मनोऱ्यात पूर्वीच्या धर्मोपदेशकाने जमवलेला ग्रंथसंग्रह होता; त्यातील प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याच्या हातच्या इतिहासाचे हस्तलिखित त्या धामधुमीत नाहीसे झाले, ते पुढे लंडनच्या बिशपच्या वाड्यातील ग्रंथालयात सापडले आणि १८९७ साली मॅसेच्युसेट्सला परत आले. मंडळीने घर दुरुस्त केले आणि १७८३ मध्ये ती परत येथे भरू लागली. आज ज्या बैठका आपण पाहतो त्या मूळच्या नव्हेत. त्या नंतर केलेल्या आहेत.

यापुढील शंभर वर्षांत घर सुस्थितीत राहिले आणि त्याची वृत्ती मात्र निजली. या निद्रेचा पुरावा मिल्क स्ट्रीटवरच आहे. १८३० च्या ऑक्टोबरमध्ये विल्यम लॉइड गॅरिसन हा पंचविशीतला पत्रकार गुलामगिरीविरुद्ध बोलण्यासाठी बॉस्टनमध्ये एखादे सभागृह मागत होता. क्रांतीचा वारसा सांगणाऱ्या या शहरात, चर्चे आणि दिवाणखाने भरपूर असून, त्यास जागा मिळेना. शेवटी ती दिली ती ॲबनर नीलँड आणि त्याच्या नास्तिक समजल्या जाणाऱ्या मित्रांनी, मिल्क आणि काँग्रेस स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील ज्युलियन हॉलमध्ये. म्हणजे ओल्ड साउथपासून चार पावलांवर, ज्यांस धर्मनिष्ठ लोक पाखंडी म्हणत त्यांनी एका धर्मनिष्ठ ख्रिस्ती माणसास बोलू दिले. पुढे १८३८ मध्ये या नीलँडलाच ईश्वरनिंदेच्या गुन्ह्याखाली साठ दिवस तुरुंगात जावे लागले, आणि गॅरिसनला १८३५ मध्ये जमावाने कमरेस दोर बांधून रस्त्यावरून ओढले. ज्या शहराच्या विटाविटांवर स्वातंत्र्याची गाथा कोरली आहे अशी ख्याती, त्या शहरातील विटा अशा वेळी मुक्या राहतात. इमारतीस स्मरण नसते. असते ते तीत बसणाऱ्यांस, आणि त्यांनाही ते नेहमी असतेच असे नाही.

१८७२ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनच्या व्यापारी पेठेस प्रचंड आग लागली. शेकडो इमारती भस्मसात झाल्या, आणि ज्वाला ओल्ड साउथच्या भिंतीस भिडणार तोच पोर्ट्समथहून रेल्वेने आलेल्या एका वाफेच्या बंबाने घर वाचवले. आगीतून वाचले ते सभासदांच्या विचारातून वाचेना. वस्ती पेठेतून निघून बॅक बे या नव्या भागाकडे सरकली होती. मंडळीने कॉप्ले स्क्वेअरला नवे, डौलदार चर्च बांधले आणि १८७५ मध्ये ती तेथे गेली. जुने घर आधी टपाल कचेरीस भाड्याने दिले, आणि मग विक्रीस काढले. पेठेतील जमिनीचा भाव पाहता हे करणे व्यवहारास धरून होते. आणि मंडळीवादी सिद्धांताप्रमाणेही त्यात काही गैर नव्हते, कारण मंडळी जेथे जाईल तेथे चर्च, मागे उरतात त्या विटा. त्यांच्या पूर्वजांनी दोनशे वर्षांपूर्वी जे शिकवले तेच तर्कशुद्धपणे हे वंशज करीत होते.

८ जून १८७६ रोजी लिलाव झाला. जमीन वगळून नुसत्या इमारतीची, म्हणजे पाडून नेण्याच्या सामानाची, किंमत १,३५० डॉलर ठरली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची शताब्दी चार आठवड्यांवर आली होती. मजूर मनोऱ्यावर चढले आणि पाडकाम सुरू झाले.

तेव्हा एका कपड्यांच्या दुकानदाराने थोड्या दिवसांची मुदत विकत घेतली, इमारतीवर फलक लावून लोकांस हाक दिली, आणि १४ जूनला त्याच घरात सभा भरली. तीत वेंडेल फिलिप्स बोलला. हा गॅरिसनचा सहकारी. चाळीस वर्षांपूर्वी प्रतिकूल जमावापुढे उभा राहून एका खून झालेल्या संपादकाची बाजू मांडल्यापासून त्याचे नाव गाजले होते. क्रांतीपुढाऱ्यांपैकी जॉन हॅन्कॉकचा वाडा तेरा वर्षांपूर्वी, १८६३ मध्ये, असाच विकून पाडला गेला होता. तो घाव बॉस्टनकरांच्या मनात ताजा होता. मग शहरातील वीस स्त्रियांनी ३,५०० डॉलर उभे करून इमारत विकत घेतली, जमीन मिळालीच नाही तर ती जशीच्या तशी उचलून दुसरीकडे मांडू अशा तयारीने. पुढे जमिनीचा प्रश्न. तिची किंमत ४,००,००० डॉलर. त्यात मेरी हेमनवे या श्रीमंत विधवेने एकटीने १,००,००० डॉलर दिले, उरलेली रक्कम जत्रा, कार्यक्रम, वर्गणी आणि कर्ज यांतून जमवली गेली. घर सांभाळण्यासाठी ओल्ड साउथ असोसिएशन स्थापन झाली आणि १८७७ पासून ती जागा सर्वांस पाहण्यास खुली झाली. न्यू इंग्लंडच्या शहरी भागात ऐतिहासिक सार्वजनिक वास्तू लोकांनी पैसे जमवून वाचवल्याचे हे आरंभीचे उदाहरण. ज्या घरातील सभांत स्त्रियांस मत नव्हते ते घर स्त्रियांनी राखले, आणि ज्या काळी त्यांनी ते राखले त्या काळीही त्यांस मत नव्हते.

बॉस्टनच्या स्त्रियांच्या या संघटनशक्तीचा एक प्रवाह दहाच वर्षांनी महाराष्ट्राकडे वळला. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये अमेरिकेस गेलेल्या पंडिता रमाबाईंच्या कार्यास पैसा पुरवण्यासाठी १८८७ च्या डिसेंबरात जी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली ती बॉस्टनमध्येच. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे तेथील नामांकित धर्मोपदेशक. तिच्या आधारावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, आणि त्याच वर्षी रमाबाईंचे अमेरिकेवरील मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात तेथील स्त्रिया संस्था कशा चालवतात याविषयी त्यांनी जे कौतुकाने लिहिले आहे, ते वाचताना ओल्ड साउथच्या त्या वीस स्त्रियांची आठवण होते.

घर वाचले. पण मंडळी गेलेली. आता तेथे बसायचे कोणी? पहिले उत्तर शिक्षणाचे होते. मेरी हेमनवेच्या प्रेरणेने तेथे तरुणांसाठी इतिहासावर व्याख्यानमाला सुरू झाली, आणि १८८३ पासून इतिहासाच्या मूळ दस्तऐवजांची स्वस्त पत्रके छापली जाऊ लागली, की ज्यांतून विद्यार्थ्याने जाहीरनामा, सनदा आणि पत्रे स्वतः वाचावीत. हे काम मोठे होते, परंतु त्यात एक धोका असतो. इतिहास शिकवणारी जागा हळूहळू गतकाळच्या धैर्याचे प्रदर्शन होते, आणि प्रदर्शनात धैर्याचा काही उपद्रव होत नाही.

तो उपद्रव विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात होण्यासारखा होता. त्या दशकात बॉस्टन पुस्तके आणि नाटके बंद पाडण्यासाठी साऱ्या देशात प्रसिद्ध झाले; ‘बॉस्टनमध्ये बंदी’ ही एखाद्या पुस्तकाची जाहिरात ठरावी इतके. १९२६ मध्ये एच. एल. मेंकेन या संपादकाने आपल्या मासिकाचा जप्त झालेला अंक बॉस्टन कॉमनवर मुद्दाम विकून स्वतःस अटक करवून घेतली. १९२७ मध्ये अप्टन सिंक्लेअर आपली बंदी घातलेली कादंबरी विकण्यास तेथे आला, आणि त्याच वर्षी साको आणि व्हान्झेटी या दोन अराजकवाद्यांस विजेच्या खुर्चीत मारले गेले तेव्हा त्यांच्या बाजूच्या सभांस पोलिसांनी मनाई केली. १९२९ मध्ये मेयरने युजीन ओनीलचे नाटक अडवले, ते शेजारच्या क्विन्सी गावी करावे लागले. आणि त्याच वर्षी संततिनियमनाची पुरस्कर्ती मार्गारेट सँगर हिला बोलण्यास बंदी असल्यामुळे ती फोर्ड हॉलमधील मेजवानीत तोंडावर पट्टी बांधून उभी राहिली आणि तिचे भाषण हार्वर्डच्या एका प्राध्यापकाने वाचून दाखवले.

या बंदीची यंत्रणा साधी आणि म्हणून परिणामकारक होती. सभागृहास परवाना शहराचा. मालकाच्या कानावर एवढे घातले की पुरे, की अमक्यास जागा दिलीत तर परवान्याचा फेरविचार होईल. कोणास तुरुंगात टाकावे लागत नसे, कोणता खटला भरावा लागत नसे. जागा शिल्लक नाही, एवढेच सभ्य उत्तर वक्त्यास मिळे. १८३० मध्ये गॅरिसनला मिळालेले उत्तर याहून फारसे वेगळे नव्हते. संविधानाची पहिली दुरुस्ती १७९१ पासून होती. परंतु तिने हात बांधले ते मध्यवर्ती सरकारचे, आणि राज्यांनाही तिचे बंधन लागू होते असे सर्वोच्च न्यायालय १९२५ मध्ये कोठे म्हणू लागले होते. खाजगी सभागृहाच्या मालकास तर ती आजही काही विचारू शकत नाही. भाषणस्वातंत्र्य कागदावर असते; त्यास बसायला जागा लागते, आणि जागा देणे न देणे हे ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्या मर्जीवर असते.

याच काळात ओल्ड साउथ असोसिएशनने आपल्या मर्जीस स्वतःच वेसण घातली. ज्यांस शहरात अन्यत्र जागा मिळत नाही त्यांस, त्यांचे मत कितीही अप्रिय असले तरी, हे घर सभेसाठी द्यावे असे धोरण तिने स्वीकारले. कोणत्याही कायद्याने तिला तसे करण्यास भाग पाडले नव्हते. सुस्थित, प्रतिष्ठित कारभाऱ्यांची ती संस्था. तिच्या वर्गणीदारांपैकी अनेकांस त्या वक्त्यांची मते मुळीच पटणारी नव्हती. त्यांनी वक्त्याच्या मतास पाठिंबा दिला नाही. व्यासपीठावर चढण्याचा त्याचा हक्क मान्य केला. हा भेद सांगण्यास सोपा आणि आचरण्यास अत्यंत अवघड. आपल्या ओसरीवर कोणी आपल्या दैवताची निंदा करू लागला तर त्यास खाली उतरवण्याचा हक्क घरमालकास आहेच. तो हक्क न वापरण्याचे आधीच वचन देणे, आणि तेही वक्ता कोण असणार हे ठाऊक नसताना देणे, यास मनाचे निराळे बळ लागते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो थिल्लर नाही. द्वेष पसरवणाऱ्यास, दुसऱ्याच्या माणूसपणावर घाला घालणाऱ्यासही याच व्यासपीठावर चढू द्यायचे काय? जॉन माल्कमच्या पाठीवरील डांबर आठवले की जमावाच्या भाषेची भीती वाटावी हे रास्त आहे. परंतु या घराच्या इतिहासाने दिलेले उत्तर असे दिसते: कोण बोलण्यास अपात्र हे ठरवण्याचा अधिकार ज्यास दिला, त्याने आजवर बहुतेक वेळा प्रथम गॅरिसनला, नीलँडला आणि सँगरला अपात्र ठरवले, माल्कमला डांबर फासणाऱ्यांना नव्हे. अधिकार वापरणाऱ्याचा नेम दुष्टावर क्वचितच बसतो, अडचणीच्या माणसावर मात्र हमखास बसतो.

या दृष्टीने पाहता १८७६ मध्ये झाला तो पाडकामाविरुद्धचा बचाव होता, आणि खरा जीर्णोद्धार १९२० नंतरच्या दशकात, एकही वीट न हलवता, एका ठरावाने झाला. पहिल्या कामासाठी चार लाख डॉलर लागले. दुसऱ्यासाठी एक पैसाही लागला नाही, आणि तरी ते अधिक महाग होते.

पुढला वृत्तांत थोडक्यात आटोपता येईल. १९५१ मध्ये बॉस्टनमधील ऐतिहासिक स्थळे जोडणारी ‘फ्रीडम ट्रेल’ ही पायवाट आखली गेली आणि ओल्ड साउथ तिच्यावर आले. १९६० मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९९० च्या दशकात मोठी डागडुजी झाली. १८७६ पासून मुक्या झालेल्या मनोऱ्यात २०११ मध्ये पॉल रिव्हिअरच्या कारखान्यात १८०१ साली ओतलेली घंटा बसवली. २०२० च्या आरंभी ही वास्तू आणि जवळचे जुने राज्यगृह सांभाळणाऱ्या दोन संस्था ‘रेव्होल्यूशनरी स्पेसेस’ या नावाने एकत्र आल्या. मंडळी कॉप्ले स्क्वेअरला आजही नांदती आहे. तिच्याविरुद्ध लिहिण्याचे कारण नाही, कारण तिने सिद्धांत पाळला.

दरसाल डिसेंबरात या घरात त्या जुन्या सभेचा प्रयोग होतो. २०२३ मध्ये त्या रात्रीस अडीचशे वर्षे झाली तेव्हा तो मोठ्या प्रमाणावर झाला. प्रेक्षक जुन्या रिवाजाप्रमाणे पटलेल्या बोलण्यास जयघोषाने आणि न पटलेल्यास धिक्काराच्या आरोळीने उत्तर देतात. त्या प्रयोगात राजनिष्ठांच्या बाजूनेही कोणी उठून बोलतो. लोक त्याचा धिक्कार करतात, आणि तो आपले बोलणे पुरे करून खाली बसतो. १७७४ च्या जानेवारीत बॉस्टनच्या रस्त्यावर ज्या पक्षाच्या माणसावर डांबर पडले, त्याच्या पक्षास निदान नाटकात तरी या छपराखाली आपले म्हणणे पुरे करता येते. नाटकात जे साधते ते उद्या प्रत्यक्षातही साधेल की नाही, याची परीक्षा डिसेंबरात होत नाही. ती एखाद्या आडवारी होते, प्रवासी नसताना, जेव्हा दारावर कोणी नकोसा माणूस येऊन जागा मागतो.

आपल्याकडे ‘मंडळी’ हा शब्द नुसता ख्रिस्ती सभासदांपुरता नाही. कीर्तनात, पारावर, नाटकाच्या पडद्यापुढे बोलणारा माणूस समोरच्यांस प्रथम याच शब्दाने हाक मारतो, आणि त्या क्षणापर्यंत जे विस्कळीत लोक असतात ते त्या हाकेने मंडळी होतात. ओल्ड साउथची मूळ मंडळी १८७५ मध्ये आपले सामान घेऊन निघून गेली. त्यानंतर त्या रिकाम्या बैठकांत जी बसते ती ठरलेली नसते, एकमताची नसते, आणि पुन्हा एकत्र येईलच असाही भरवसा नसतो. ज्याचे ऐकावेसे वाटत नाही असा कोणी व्यासपीठावर चढून समोरच्यांस ‘मंडळी’ म्हणतो, आणि समोरचे उठून न जाता बसून राहतात, तेवढा वेळ ते घर वाचलेले असते.